पुस्तकांचं बोरन्हाण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच विषयावर आहेत : मुलांच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पुस्तक द्यावं का, आणि द्यायचं तर कसं. म्हणून बाकीच्यांची उत्तरं पुढच्या अंकात. कोथरूडला आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत मी १९९४ पासून मुलांचं वाचनालय चालवते, दर शनिवारी दुपारी चार ते सहा. पुढे जे लिहिलं आहे ते बरंचसं त्या खोलीत बसून पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला पुढच्या महिन्यात सात वर्षं पूर्ण होतील. सोसायटीतली आणि वर्गातली मिळून २४ मुलं येणार आहेत. गेल्या वर्षी रिटर्न गिफ्टवर माणशी दीडशे रुपये खर्च केले. एक पाऊच, त्यात शार्पनर, स्लाइमची डबी, चमकीची पेन्सिल आणि दोन चॉकलेटं. दुसऱ्या दिवशी त्यातले तीन पाऊच जिन्यात पडलेले मिळाले. यंदा एकेक पुस्तक द्यावं असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "वाढदिवसाला येऊन पोरांनी अभ्यास घेऊन जायचा का?" सगळ्यांना चालेल असं एखादं मराठी पुस्तक सुचवाल का? शंभर रुपयांच्या आत हवं. – एक आई, पिंपळे सौदागर

उत्तर : सगळ्यांना चालेल असं एक पुस्तक मी सुचवणार नाही. चोवीस मुलांसाठी तीस निरनिराळी पुस्तकं आणा, आणि ती तुम्ही वाटू नका. सतरंजीवर मांडा, मुलांना उचलू द्या. माझं उत्तर एवढंच आहे, पण ते मला कसं कळलं तेही सांगते.

१९९८ साली माझ्या धाकट्याचा आठवा वाढदिवस होता. मी अप्पा बळवंत चौकातून थोरामोठ्यांच्या बालपणीच्या गोष्टींच्या एकाच पुस्तकाच्या वीस प्रती आणल्या. दोन रात्री बसून त्या खाकी कागदात बांधल्या, वर प्रत्येकाचं नाव घातलं, आत जाड कागदाची एकेक खूण ठेवली. पोरं घरी जाऊन वाचतील आणि शनिवारी वाचनालयात त्यावर गप्पा होतील, असं माझ्या मनात होतं. शनिवारी विचारलं तर विसातल्या दोघांनी पुस्तक उघडलेलं. एकाकडे ते आधीपासूनच होतं. एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही दिलंय ना, म्हणून आईने कपाटात वर ठेवलंय." महिन्याभराने कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे त्यातल्या दोन प्रती दिसल्या. एकीचा तर खाकी कागदही सुटलेला नव्हता. त्या मी विकत घेऊन परत आणल्या आणि वाचनालयात ठेवल्या. इतक्या वर्षांत नोंदवहीत त्यांच्यापुढे तीन नोंदी झाल्या आहेत.

त्याच शनिवारी तीच मुलं भुतांच्या गोष्टींच्या एका पुस्तकावरून भांडत होती. त्या पुस्तकाची पाठ उसवलेली होती, शेवटची चार पानं गायब होती, आणि शेवटी काय झालं असेल यावर त्यांच्या पैजा लागल्या होत्या. ते पुस्तक त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. त्यांनीच मांडणीतून ओढून काढलं होतं.

पुढे जानेवारीत शेजारच्या बाळाचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या. भोवतीच्या पोरांनी झडप घातली. एकाने नुसती बोरं वेचली, एकीने फक्त रेवड्या, एक छोटा उसाचा एकच करवा धरून कोपऱ्यात जाऊन बसला. कुणाच्या हातात कुणी काही ठेवलं नव्हतं, तरी जाताना प्रत्येकाची मूठ घट्ट मिटलेली होती. तेव्हा मनात आलं की मुलांना वाटायची ही रीत आपल्या घरात आहेच, पुस्तकांसाठी दुसरी शोधायला नको.

आता तुमच्या वाढदिवसाकडे वळते. पुस्तकं निदान दोन आठवडे आधी घरात येऊ द्या आणि तुमच्या मुलीला ती सगळीच्या सगळी वाचू द्या, जमेल तशी, काही तुमच्या मांडीवर बसून. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. वाढदिवसाच्या दिवशी ती प्रत्येक पुस्तक ओळखत असेल. "हे घे, यात माकड शाळेत जातं," असं सात वर्षांच्या मुलीने मैत्रिणीला सांगितलं की पुस्तक उचललं जातं. आपण मोठ्यांनी तेच सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि पुढे सरकतात.

पुस्तकं मांडताना चळत करू नका. मुखपृष्ठ वर, शेजारी शेजारी, रांगोळीसारखी पसरून ठेवा, कारण मूल चित्र बघून पुस्तक निवडतं. सतरंजी पहिलं मूल यायच्या आधी अंथरलेली असावी. आपल्याकडे पाचचं आमंत्रण असलं की पाच ते साडेपाच मुलं एकेक करून येतात आणि तोवर कुणाला काय करावं हे कळत नाही. तो अर्धा तास पुस्तकं चाळण्यात फार छान जातो. घरी न्यायचं पुस्तक मात्र शेवटी, निघताना उचलायचं. त्यासाठी चिठ्ठ्या टाका, म्हणजे दांडगी मुलं आधी हात मारणार नाहीत. सहा पुस्तकं जास्तीची सांगितली ती शेवटच्या चिठ्ठीच्या मुलासाठी. त्याच्यासमोर एकच पुस्तक उरलं तर त्याने काय निवडायचं? त्याला सातांतून निवडता आलं पाहिजे. आणि पायात चपला घालेपर्यंत पुस्तक बदलायची मोकळीक ठेवा. दारात उभं राहून आपापसांत अदलाबदल करणारी मुलं मी कितीतरी वेळा पाहिली आहेत, आणि ती पुस्तकं हमखास वाचली जातात.

खर्चाचं म्हणाल तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली आणि प्रथम बुक्सची, मधोमध दोन पिना मारलेली पातळ चित्रमय पुस्तकं गेल्या खेपेला मला साधारण साठ रुपयांना पडली. तीस पुस्तकांचे अठराशे होतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. एकदम तीस घेतली तर दुकानदार सहसा काहीतरी सूट देतो, न लाजता मागा. तुमचा अंदाज चोवीसशेचा आहे, म्हणजे सहाशे उरले. त्यातली पाच-सहा पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाची घ्या. किंमत थोडी जास्त पडेल, पण चित्रं आणि छपाई पाहून मुलांचे हात तिकडे जातात. अप्पा बळवंत चौकात एक दुपार काढलीत तर सगळं मिळेल. वाढदिवस हिवाळ्यात असता तर मी डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात जा म्हटलं असतं. पहिला २०२३ मध्ये भरला तेव्हापासून मी वाचनालयाची वर्षाची खरेदी तिथेच करते.

वय एक असलं तरी सात वर्षांच्या मुलांचं वाचन एकसारखं नसतं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर पायरी छापलेली असते. पहिल्या पायरीत अडीचशेपर्यंत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत. तिसांतली दहा पहिल्या पायरीची घ्या, चौदा दुसरीची, बाकी तिसरीची. विषयांत प्राणी असावेत, भूत असावं, कोडी असावीत, कागदाच्या घड्या घालून वस्तू करायचं एखादं असावं, आगगाडी किंवा ट्रक असावा.

सासूबाईंचं बोलणं मला पटतं. पुस्तक म्हटलं की आपण अभ्यास घुसवतो. म्हणून सुलेखनाच्या वह्या, पाढे, सामान्य ज्ञान, बोधकथा यांतलं काहीही त्या सतरंजीवर ठेवू नका. आणि खाऊ बंद करू नका. वाढदिवसाच्या घरून मूल रिकाम्या तोंडाने जाता कामा नये. राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की कागदात बांधून द्यायचं काम सासूबाईंकडे द्या, आणि त्यांना आवडत असेल तर मुलं जमेपर्यंत एक गोष्ट वाचून दाखवायलाही सांगा.

प्रश्न : माझा नातू ठाण्याला इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. मराठी बोलतो छान, वाचताना मात्र अडखळतो. त्याच्या वाढदिवसाला पंधरा मित्रांना मराठी पुस्तकं द्यायची माझी फार इच्छा आहे. सूनबाई म्हणते, "बाबा, मुलांना वाचता येणार नाहीत, इंग्रजी द्या." त्या मित्रांत एक गुजराती आहे, एक तमिळ. मी आग्रह धरावा का? – एक आजोबा, कऱ्हाड

उत्तर : आजोबा, आग्रह सूनबाईंशी धरू नका, पुस्तकांच्या निवडीत धरा. सतरंजी एकच, तिच्यावर मराठीही आणि इंग्रजीही, कशी नि कोणती ते मुलं ठरवतील. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा या मुलांना अक्षरओळख आहेच. तमिळ घरातल्या मुलालाही आहे.

ही मुलं अडतात कुठे, ते मी दर शनिवारी बघते. जोडाक्षरांशी अडतात, आणि त्यातही 'र'शी. 'सूर्य' मधला र डोक्यावर, 'चक्र' मधला पायाशी, 'ट्रक' मधला आणखी निराळा, 'दुसऱ्या' मधला चौथाच. नऊ वर्षांचं पोर एका ओळीत तीनदा थांबलं की पुस्तक मिटतं. म्हणून आपण त्याला बिनजोडाक्षरी, मोठ्या टायपाचं पुस्तक देतो. त्यात असतं ससुल्याचं आणि परीचं चित्र, आणि ते मित्रांसमोर हातात धरायची नऊ वर्षांच्या मुलाला लाज वाटते. मुलं हे बोलत नाहीत, पुस्तक उलटं धरतात. माझ्याकडे एक मुलगा असं पुस्तक दप्तराखाली लपवून न्यायचा. ते कळायला मला फार दिवस लागले याचं वाईट वाटतं.

तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मजकूर थोडा पण विषय त्यांच्या वयाचा, अशी पुस्तकं शोधा. कोडी, विनोद, चित्रकथा, घरातल्या वस्तूंचे विज्ञानप्रयोग, किल्ले, साप, क्रिकेट. कोड्याची ओळ सहा शब्दांची असते, पण ती वाचल्याशिवाय कोडं घालता येत नाही, म्हणून मूल नेटाने वाचतं. चेन्नईचं तूलिका प्रकाशन इंग्रजीसह नऊ भाषांत मुलांची पुस्तकं काढतं, त्यांत मराठी आहे, गुजराती आणि तमिळही आहे. एकच चित्रपुस्तक तिन्ही भाषांत मिळालं तर तिघा मित्रांना ते शेजारी शेजारी ठेवून बघू द्या. चित्र तेच, अक्षरं निराळी. माझ्या वाचनालयात अशा दोन प्रती आल्या तेव्हा मुलांनी दुपारभर एकमेकांचे शब्द घोकले.

आणखी एक करा, ते फक्त तुम्हालाच जमेल. केक कापायच्या आधी मुलांना गोळा करा आणि त्या पंधरांतली एक मराठी गोष्ट मोठ्याने वाचा. अर्ध्यावर आलात की पुस्तक मिटून सतरंजीवर ठेवा. ते पुस्तक कोण उचलतं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : हा प्रश्न उलट्या बाजूने आहे. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला मित्राच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पुस्तक मिळालं. त्याने तिथेच कागद फाडला आणि 'मला गाडी हवी होती' म्हणून रडायला लागला. त्या मुलाची आई समोरच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही रोज रात्री त्याला वाचून दाखवतो. माझं काय चुकलं? – एक आई, नाशिक

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही आणि त्याचंही नाही. चमकदार कागदातल्या पुडक्यात गाडी असेल असं त्याने ठरवून टाकलं होतं, आणि निघाली नाही. पाच वर्षांच्या मुलाला तेवढं रडू येणारच. त्यावरून त्याला पुस्तकं आवडत नाहीत असा अर्थ कृपा करून काढू नका. त्याच्यादेखत कुणाला ही हकिगत सांगूही नका. 'पुस्तक मिळालं म्हणून रडणारा' ही ओळख एकदा चिकटली की मूल ती जपायला लागतं.

ते पुस्तक त्याच रात्री वाचायला काढू नका. त्याच्या कमरेच्या उंचीला, खेळण्यांजवळ ठेवून द्या आणि विसरा. माझ्याकडे एक मुलगा मोठ्या बहिणीबरोबर यायचा, तीन महिने त्याने एका पुस्तकाला हात लावला नाही. त्याला फक्त तारखेचा शिक्का मारायला आवडायचा. मी तो शिक्का आणि शाईची गादी त्याच्याकडे सोपवली. शिक्का शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर मारायचा असतो, म्हणून त्याला प्रत्येक पुस्तक उघडावं लागे. एका शनिवारी तो शिक्का हातात धरून एका पानावर थांबला, मागे रांग लागली तरी मान वर करेना. मी कुणालाही त्याला हलवू दिलं नाही.

त्या मित्राच्या आईला दोन ओळींचा निरोप पाठवा. तिनेही मनातून काही धीर करूनच पुस्तकं दिली असतील, आणि तुमच्या मुलाचं रडणं तिच्याही डोक्यात घोळत असेल. आणि ज्या घरांत अशा वाढदिवसाची तयारी चालली आहे त्यांना एक विनंती : पुस्तकाला चमकता कागद लावू नका. उघडं द्या. सहा वर्षांखालच्या मुलांना पुस्तकासोबत त्यातली एखादी वस्तूही द्या, होडीची गोष्ट असेल तर घडी घालायला रंगीत कागद, बीची गोष्ट असेल तर चार वालाच्या बिया. लहान मुलाला हातात धरून खेळायला काहीतरी हवं असतं.

प्रश्न : मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. ज्यांना परवडतं ती वाढदिवसाला वर्गात गोळ्या वाटतात, बाकीची बघत राहतात. 'गोळ्यांऐवजी वर्गाला एक पुस्तक' असा उपक्रम आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, चालू आहे, पण आमचे बरेच पालक दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्यांच्याकडे पुस्तक कसं मागू? शिवाय सात-आठ मुलांची खरी जन्मतारीख ठाऊक नसल्याने दाखल्यावर १ जून घातलेली आहे. – एक शिक्षक

उत्तर : सर, मागू नका. ज्या घरात हातावर पोट आहे त्या घराकडून वाढदिवसाचं पुस्तक मागितलं तर ते मूल त्या दिवशी शाळेत येणार नाही. उपक्रम चांगल्या मनाने सुरू झाला असेल, पण तुमच्या वर्गात तो उलटा करा : वाढदिवसाच्या मुलाने काही द्यायचं नाही, त्याला मिळायचं. त्या दिवशी वर्गाला कोणतं पुस्तक वाचून दाखवायचं ते त्याने निवडायचं, आणि ते पुस्तक आठवडाभर त्याच्या घरी.

पुस्तकं जमवायला वाटा आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, ती फुकट उतरवून घेता येतात, छापता येतात, आणि मुक्त परवाना असल्याने त्यांचं भाषांतरही करता येतं. हे शेवटचं तुमच्या फार उपयोगाचं आहे. तुमची मुलं घरी वारली बोलत असतील तर एक गोष्ट त्यांच्याकडून वारलीत सांगून घ्या, मोठ्या कागदावर देवनागरीत लिहा, चित्रं त्यांना काढू द्या, कडेला सुई-दोरा घाला. वर्गाचं पहिलं पुस्तक तयार झालं. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी आहेत. आपल्या बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर वाचायला ठेवले आहेत. एकेक गोष्ट छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली तर वर्षाअखेरीस मांडणी भरेल.

१ जूनच्या मुलांचं दुःख मला ठाऊक आहे. दाखल्यावरचा दिवस, तोही सुट्टीत. त्या सात-आठ जणांना आपला दिवस स्वतः ठरवू द्या. फक्त तो दिवाळीच्या आधीचा असावा, म्हणजे जी कुटुंबं भट्टीवर जातात त्यांच्या मुलांचा चुकणार नाही. आणि जाताना एक पुस्तक त्यांच्या बोचक्यात जाऊ द्या. परत येईल न येईल याचा हिशेब ठेवू नका.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. इथे पार्टी संपली की प्रत्येक मुलाला दारात पार्टी बॅग देतात, शिट्टी, साबणाचे फुगे, रबरी किडा आणि केकचा तुकडा. मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला पुस्तकं दिली तर विचित्र वाटेल का? – एक आई

उत्तर : वाटणार नाही. माझी मुलगी त्याच देशात आहे. २०१९ मध्ये नातीच्या वर्गमैत्रिणीच्या पार्टीत दारात पुस्तकांची टोपली ठेवलेली मी स्वतः पाहिली. त्या आईने दहा पुस्तकांचा एक संच स्वस्तात घेऊन सोडवला होता आणि एकेक वाटलं होतं. तिथल्या मुलांना मार्चच्या पहिल्या गुरुवारी, जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्ताने, एक पौंडाचं कुपन मिळतं आणि ते देऊन पुस्तक घेता येतं. पुस्तक निवडून घरी आणायची सवय त्यांना आहे. केकचा तुकडा मात्र द्याच, तो त्यांचा रिवाज आहे. फक्त पुस्तकाच्या पिशवीत घालू नका, लोणी कागदातून बाहेर येतं. मराठी मंडळातली मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठी टोपलीत चार मराठी पुस्तकंही ठेवा, पुढच्या वेळी पुण्याहून नेता येतील.

प्रश्न : भेट द्यायच्या पुस्तकावर नाव घालावं का? आई म्हणते घालावंच, मैत्रीण म्हणते त्याने पुस्तक खराब होतं. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घाला, पण देणाऱ्या मुलाच्या हाताने आणि पेन्सिलने. 'सप्रेम भेट', तारीख, आणि खाली त्याची सही, वाकडी असली तरी. घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा मोकळी ठेवा, ते त्याने घरी जाऊन लिहावं. पेन्सिल अशासाठी की पुस्तक पुढे कुणाला द्यावंसं वाटलं तर संकोच होऊ नये. माझ्याकडे देणगीत आलेलं एक हत्तीचं पुस्तक आहे. त्याच्या पहिल्या पानावर २००३ सालची एका वाढदिवसाची तारीख आहे. त्याखाली एका मुलीचं नाव, ते हलकेच खोडून तिच्या धाकट्या भावाचं, मग निराळ्याच आडनावाच्या एका मुलाचं. चौथं नाव पहिलीतल्या एका मुलाने गेल्या शनिवारी लिहिलं, वाचनालयाचं पुस्तक आहे हे माहीत असूनही. मी ते खोडलं नाही.